चार मिनिटांचा वकील

"घरी कोण वाट बघतंय तुमची?"

कोरिननं दचकून मान वर केली. कोर्टाच्या बाकावर तिच्या शेजारी एक उंच माणूस धपकन येऊन बसला होता. काखेत फायलींचा ढीग, बुटांना वितळत्या बर्फाचा चिखल, आणि डोळे थकलेले, पण तिच्यावर असे रोखलेले की जगात दुसरं कुणी नाहीच.

"कुणीच नाही," ती बोलून गेली.

"मांजर? कोंबड्या? म्हातारी आई?"

"अहो, कुणीच नाही!"

"बरं. आरोप काय आहे?"

"तुमच्यावर नजर ठेवल्याचा." कोरिननं कोटाआडचं ओळखपत्र काढून त्याच्यापुढे धरलं. बचाव आयोग. निरीक्षक, कोरिन मिशो.

रेमी थिबोडोचे कान लालभडक झाले. "मला वाटलं... आज एक बाई यायच्या आहेत, दारू पिऊन विजेच्या खांबाला धडकलेल्या."

"तशी दिसते मी?"

"तशी नाही... म्हणजे—" तो अडखळला. "खांबाचं नशीब, एवढंच म्हणतो."

सरकार गरिबाला फुकट वकील देतं, असं कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. देतं, खोटं नाही. फक्त त्या वकिलाला वेळ देत नाही. सेंट ऑदीलमध्ये नदीपलीकडे कॅनडा, अलीकडे बटाट्याची शेतं, आणि अख्ख्या जिल्ह्याला सरकारी बचाव वकील एकटा रेमी. दर सोमवारी बावीस-बावीस आरोपी रांगेत. राजधानीतल्या उबदार खोल्यांत बसणाऱ्या साहेबांना हे माहीत नव्हतं असं नाही, माहीत नसल्याचं सोंग स्वस्तात पडत होतं. सोंग उघडं पाडायचं तर आकडे हवेत. म्हणून आयोगानं कोरिनच्या गळ्यात घड्याळ अडकवून तिला इथं धाडलं होतं. वकील प्रत्येक आरोपीशी किती वेळ बोलतो ते दहा दिवस मोजायचं. आकडे टिकले तर जिल्ह्याला दुसरा वकील. त्यात कुणी खोट काढली तर काहीच नाही.

पहिल्या दिवशी माणशी चार मिनिटं भरली. अंडं नीट उकडायला याहून जास्त वेळ लागतो.

आणि त्या चारातलं एक अख्खं मिनिट हा माणूस त्याच एका प्रश्नावर घालवायचा! कोरिनच्या फॉर्मवर त्याला रकानाच नव्हता. शिवाय दुपारी एक वाजला की जेवण सोडून किल्ल्यांचा भलामोठा जुडगा खुळखुळवत तो कुठं पळायचा? आणि किल्ल्या तरी कुणाच्या? निरीक्षकानं संशय घ्यायला हवा होता. कोरिनला मात्र नुसतं जाणून घ्यायचं होतं, इतकं की घास गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी तिनं त्याला दारातच गाठलं.

"वकीलसाहेब, स्वारी कुठं?"

"माझी जेवणाची सुट्टीही मोजणार का, घड्याळबाई?"

"मोजणार."

"मग बसा गाडीत. मोजायला सोपं जाईल."

गाडीत वाळल्या गवताचा वास होता. मागच्या सीटवर मांजरांच्या खाद्याची पोती. गावाबाहेरच्या एका झोपडीपुढं रेमीनं जुडग्यातून एक किल्ली निवडली. तिला कागदाची चिठ्ठी बांधली होती, 'क्लोव्हिस—घोडी, लंगडी'.

गोठ्यातल्या म्हाताऱ्या घोडीनं रेमीला बघून नाक फुरफुरवलं.

"क्लोव्हिस कोठडीत आहे," चारा टाकता टाकता तो म्हणाला. "शेजाऱ्याची करवत चोरली म्हणे. चोरलेली नाही. तरी कबूल करायला निघाला होता."

"चोरली नाही तर कबूल कशाला?"

"कबूल केलं की त्याच दिवशी घरी सोडतात. लढतो म्हटलं की कित्येक आठवडे आत. तोवर हिला खायला कोण घालणार?" त्यानं घोडीची मान थोपटली. "गुन्हा केला म्हणून कबूल करणारे थोडे असतात हो. घरी कुणीतरी उपाशी असतं म्हणून करतात. मग मी किल्ली मागून घेतो. म्हणतो, तू लढ. घरचं मी बघतो."

कोरिननं घोडीपुढं हात धरला. छपरावरून बर्फाचं पाणी टपटपत होतं. घोडीनं तिचा तळहात चाटला. कोरिनच्या केसांत अडकलेली गवताची काडी काढायला रेमीनं हात पुढं केला... आणि मध्येच थांबवला. काडी तिथंच राहिली. तिनंही काढली नाही.

मग तिचं लक्ष गळ्याकडे गेलं. घड्याळ चालूच होतं. "सत्तेचाळीस मिनिटं! कुणाच्या नावावर मांडू?"

"माझ्या मांडा. मलाही कुणीतरी कधीतरी द्यावीत की."

त्यानंतर रोज एक वाजता दोघं निघायची. रेमीच्या डब्यात प्लॉय असायची, कुट्टूच्या पिठाची जाळीदार धिरडी, लोणी लावून गुंडाळलेली.

"एकच काय घेतेस? मोजून खाऊ नकोस."

"सवय आहे. तू दोनदा विचारलंस, तेही मोजलंय."

अहो-जाहो कुठल्या वळणावर गळून पडलं, कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दहाव्या दिवशी अहवालाचं शेवटचं पान समोर आलं. 'तपासलेल्या वकिलाशी माझा वैयक्तिक संबंध नाही.' खाली सही. आजवरच्या प्रत्येक अहवालात कोरिननं या पानावर न वाचताच सही केली होती. आज पेन हलेना. दोघांत तसं काही बोलणं कुठं झालं होतं? पण गाडीत हसताना अर्ध्या गावानं पाहिलं होतं. उद्या कुणी बोट दाखवलं की साहेबांना हवंच होतं निमित्त, दहा दिवसांचे आकडे कचऱ्यात. दुसरा वकील गेला. पुढचा क्लोव्हिस न केलेली चोरी कबूल करणार.

आणि खरं लिहिलं तर दुसरा निरीक्षक येऊन सगळं नव्यानं मोजणार. निकाल लागेपर्यंत रेमीशी एक शब्दही बोलायचा नाही.

तिनं 'नाही' खोडलं. 'आहे' लिहिलं. खाली संबंधाचं स्वरूप विचारलं होतं.

'घरी कोण वाट बघतंय, असं त्यांनी मला विचारलं. मी कुणीच नाही म्हणाले. ते उत्तर आता मला सोसत नाही.'

नियमाप्रमाणे एक प्रत वकिलाला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडीत बॅग टाकत होती. रेमी कोर्टाच्या पायऱ्यांवर कागद हातात घेऊन उभा होता. तो खाली आला. तोंड उघडलं... आणि मिटलं. त्यानं जुडग्यातली एक किल्ली सोडवली, तिच्या गाडीच्या वायपरला अडकवली आणि पाठ फिरवून निघून गेला.

किल्लीला चिठ्ठी होती. 'थिबोडो—कुणीच नाही. सध्या.'

नव्या निरीक्षकाचा आकडा आला तीन मिनिटं पन्नास सेकंद. करवत शेजाऱ्याच्याच भावाकडे सापडली, क्लोव्हिस घरी गेला. सहाव्या आठवड्यात जिल्ह्याला दुसरा वकील मंजूर झाला. 'गरिबांची आम्हाला काळजी आहेच,' असं साहेबांनी पत्रकही काढलं. लाज कशी वाटत नाही, देव जाणे.

कोरिन उत्तरेला निघाली. बर्फ संपला होता, काळी शेतं नांगरलेली होती. रेमीच्या दाराच्या कुलपात किल्ली एका फेऱ्यात फिरली.

एक वाजता अंगणात पावलं वाजली. किल्ल्यांचा खुळखुळाट नव्हता, आज कुणाचं घर बघायचं नव्हतं. कित्येक वर्षांनी रेमी दुपारी घरी जेवायला आला होता, आणि चुलीवर कुणीतरी प्लॉय टाकत होतं. तो उंबऱ्यातच खिळला.

"घरी कोण..."

"सहा आठवडे झाले," ती न वळता म्हणाली. "घड्याळ चालूच आहे माझं."

"बंद कर आता."

"तू कर."

घड्याळ तिच्या गळ्यात होतं. ते बंद करायला त्याला अगदी जवळ यावं लागलं.