मोहनाबाईंचं माहेर

आकांक्षाला नोकरी लागली त्या दिवशी घरात पेढे आले. "कुठल्या इस्पितळात गं?" मोहनाबाईंनी नातीला विचारलं.

"मनोरुग्णांच्या, आजी. आपलं ते जुनं, सरकारी."

मोहनाबाईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. त्या इस्पितळाच्या आवारात त्यांचं बालपण गेलं होतं. वडील, भास्करराव, तिथे डॉक्टर. राहायला आतलाच बंगला. पण शाळेतल्या मुली 'वेड्यांच्यातली' म्हणतील या भीतीने त्या 'गावात, रावपुऱ्यात राहते' म्हणून सांगायच्या आणि टांग्यातून अलीकडच्या चौकातच उतरायच्या. लग्नाच्या वेळेपर्यंत वडील निवृत्त होऊन खरोखरच रावपुऱ्यात आले, त्यामुळे ते खपून गेलं. नवऱ्यालाही कधी कळलं नाही.

नवरात्राच्या तोंडावर आकांक्षाने बायकांच्या वॉर्डात गरबा ठेवला आणि आजीला आग्रहाने अकोट्याच्या घरून घेऊन गेली. भर दुपार होती. बंगल्याच्या जागी आता स्कूटरी लावलेल्या होत्या. मोहनाबाईंना हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

वॉर्डाचं अंगण मात्र तेच होतं. तीच उखडलेली फरशी, तोच फिनेलचा आणि खोबरेल तेलाचा वास. स्पीकरवर गरबा लागला होता. भिंतीलगतच्या बाकावर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांतल्या पिवळ्या साडीतल्या, तिशीच्या एकीने मान वर केली.

"मोहने, आज उशीर केलास."

मोहनाबाईंना असं एकच बाई म्हणायची. अहल्या. इथलीच रुग्ण, शाळा सुटली की याच अंगणात त्यांना शेंगा सोलून द्यायची. ती गेली तेव्हा भास्कररावांनीच तिचे अंत्यसंस्कार केले होते.

"अरे, आ तो बोली! बोलली ही!" वॉर्डातली सिस्टर नयनाबेन धावत येऊन मोहनाबाईंना म्हणाली, "बा, ही पादरा गावची, गुजराती आहे. मराठी येत नाही हिला. आली तेव्हापासून तोंडच उघडलं नव्हतं."

शेजारची म्हातारी म्हणाली, "शेंगा संपल्या गं."

तिच्या पलीकडे एक कॉलेजच्या वयाची पोरगी होती. तिने तोंडावर हात घेतला. "डॉक्टरसाहेब बघतायत. पळ."

आवाज तिघींचा एकच होता. जरासा घोगरा, लाडातला.

आकांक्षा चमकली. "आजी, तू आली होतीस इथे? ह्या तुला ओळखतात."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण नयनाबेन बघत होती. दोन अटेंडंट बघत होते. मोहनाबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"नाही गं. मी कशाला येते इथे?"

बाकावरच्या बायका हळूहळू सरकल्या.

मधे जागा झाली. अगदी थोडी, लहान मूल बसेल एवढीच.

आपल्यालाच बोलावताहेत असं वाटून मोहनाबाई एक पाऊल पुढे गेल्या. पिवळ्या साडीतल्या बाईने मान हलवली. नको.

मग ती त्या रिकाम्या जागेकडे वळली आणि समजूत घातल्यासारखं म्हणाली, "जाऊ दे त्यांना. पाहुण्या आहेत. तू बस, मोहने."

तिने शेजारी हात टाकला. तो बाकावर पडला नाही. मधेच, एखाद्या मुलीच्या खांद्याइतक्या उंचीवर, टेकला आणि तिथेच राहिला.