ताद्देओनं आणलेलं झाकण

विस्तवाजवळ सरका, पोरांनो. भिंतीवरच्या त्या तांब्याच्या झाकणाला मात्र कोणी हात लावू नका. ते आपल्या ताद्देओनं आणलंय. या वसंतात वारला तो. ही गोष्ट त्यानंच मला सांगितली.

तेव्हा तो दलदलीकाठच्या श्रीमंत मठात आचारी होता. ऐन थंडीतली, संत लुसीच्या सणाची आदली रात्र. मठाधिपतीचा निरोप आला, तळघरातून दारूचं पिंप वर आण, मोठा हंडा चढव. सणाचा बेत असेल, असं वाटून ताद्देओनं चूल पेटवली.

त्याच दुपारी तिथं आपले फ्रा ओनोफ्रियो वारले होते. आपल्यासारखेच अनवाणी भिक्षू, पण पॅरिसच्या पंडितांना वर्षानुवर्षं घाम फोडलेला माणूस. धर्मसभेला निघाले आणि वाटेत तापानं पडले. आयुष्यभर एकच गोष्ट मांडत आले होते, की देह म्हणजे आत्म्याचा अंगरखा नव्हे, देहही आपणच. ताद्देओ पेज भरवत होता, तेव्हा त्याचा हात धरून म्हणाले, "बाबा, मला सगळाच्या सगळा माझ्या भिक्षू भावांकडे पाठव."

"पाठवतो, गुरुजी. आधी घास घ्या."

आणि रात्री चौघांनी त्यांना चादरीत गुंडाळून स्वयंपाकघरात आणलं.

"भिक्षू उद्या प्रेत मागायला येतील," मठाधिपती म्हणाला. "हाडं सुटी केली की लपवता येतात. पुढं हा संत ठरला, तर यात्रा आपल्या दारी. उकळ."

"महाराज, मी शब्द दिलाय त्यांना."

"शब्द तुझा असेल, चूल माझी आहे."

मला आजही शिसारी येते. गिधाडं तरी शिजवत बसत नाहीत. पण ताद्देओ घाबरला, आणि त्यानं ते केलं.

बाकीचे प्रार्थनेला गेले. तो एकटा उरला. दारूचा आंबूस वास, आणि त्यात तो दुसरा... वाफ भिंतींवर बसली. चिकट. त्याच्या ओठांवरही.

मग झाकण हललं.

उकळी असेल. त्यानं लाकडं मागं ओढली. उकळी बसली...

झाकण पुन्हा वर आलं. सावकाश. एका बाजूनं.

त्यानं पंजा टेकून दाबलं. आतून कोणीतरी वर रेटत होतं... तेवढ्याच जोरानं. तळहात भाजला. कातडी सुटली. हात काढायची छाती होईना. पहाटेपर्यंत.

"काही बोलले का ते?" मी त्याला विचारलं होतं.

ताद्देओनं चुलीतली लाकडं मागं ओढली.

सकाळी पांढरी स्वच्छ हाडं मिळाली. महाराज खूश. हंडा राखेनं घासला आणि दुपारी त्यातच घेवड्याची आमटी शिजली. सगळ्यांनी वाडगे पुसून खाल्ली. ताद्देओ ओकला. मग उकिरड्यावर फेकलेल्या मांसातलं जे हाती लागलं ते गोणीत भरून, वर हे झाकण बांधून, तो आपल्याकडे आला. अंगणातल्या त्या कबरीत तेवढंच आहे. हाडं अजून त्यांच्याकडे, सोन्याच्या पेटीत.

झाकणाच्या आतल्या बाजूला चरबीचा पंजा उमटतो. लिहिणाऱ्या बोटाच्या टोकाला शाईचा डाग. मी घासून काढतो, थंडी पडली की परत येतो. त्याची मला सवय झालीय.

पण परवा वरच्या बाजूलाही एक पंजा दिसला. अंगठ्याचं पेर नसलेला. ताद्देओचं ते सुरीनं गेलं होतं, तुम्ही पाहिलंय.

त्या झाकणाला कडी आहे, पोरांनो. ताद्देओला ते उचलायचं असतं, तर त्यानं कडी धरली असती, पंजा टेकला नसता.