खडखडाटचा रखडलेला अल्बम

"आजपासून मराठी संगीताचे दोन कालखंड मानावे लागतील," दिगंबर मगदूम घसा साफ करून म्हणाला, "आमच्या अल्बमच्या आधीचा आणि नंतरचा."

टेबलावरच्या यंत्राने वाक्य ऐकलं, गाळलं आणि पडद्यावर निकाल दिला : पंखा ब्याऐंशी टक्के, मनुष्य अठरा टक्के.

"चाचणी होती, काका," मिनाज म्हणाली. "नीट चालतंय."

यंत्राचं नाव ध्वनिगाळणी. कितीही कालवलेला आवाज त्यात घातला, की एकेक धागा सुटा होऊन येई : ड्रम वेगळे, गिटार वेगळी, तिसऱ्या रांगेतला खोकला वेगळा. इचलकरंजीतल्या एका बंद पडलेल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये मिनाज मुल्लाने ते बसवलं होतं. लोक तिथे लग्नाची जुनी रेकॉर्डिंग आणत आणि बँडबाजा वगळून आजोबा नेमके कशावरून रुसले होते ते ऐकून जात. भरमू चौगुलेने मात्र 'खडखडाट' या आपल्या रॉक बँडचे सदतीस वर्षांतले सगळे कार्यक्रम दोन पोत्यांत भरून आणले होते. बँडचा गायक दिगंबर, त्याच्या पासष्टीची भेट म्हणून. दिगंबरला न विचारता.

भरमू शेजारी आरामात बसला होता; दिगंबर मात्र खुर्चीत बसला, उठला, खिडकीशी जाऊन आला, पुन्हा बसला. मिनाजला त्याने दोनदा विचारलं, की आज वीज जाण्याची काही शक्यता आहे का. ती नव्हती.

भानगड अशी होती. भरमू बास गिटार वाजवायचा. बोटं सुरेख, पण ताल कायम अर्धं पाऊल पुढे. म्हणून दुसऱ्याच कार्यक्रमाला दिगंबरने साउंडवाल्याला सांगून त्याची वायर मोठ्या स्पीकरांपासून काढून ठेवली. भरमूला पाठीमागच्या स्वतःच्या स्पीकरमधून आपलं वाजवणं ऐकू येई, तो खूश. लोकांना ऐकू येत नसे, तेही खूश. पण अल्बम काढायचा, तर हे उघडं पडणार. मग दिगंबरचा घसा बसला. मग सीडीचा जमाना संपला. मग मुखपृष्ठाच्या फोटोत ड्रमवाल्याचे डोळे मिटलेले निघाले आणि ते उघडेपर्यंत अकरा वर्षं गेली.

मिनाजने पडदा वाचला. गाणं, ड्रम, लीड गिटार. पहिला कार्यक्रम सोडला, तर बास मुख्य रेकॉर्डिंगमध्ये कुठेच नव्हता; ड्रमच्या माइकमध्ये मात्र मागच्या स्पीकरमधून झिरपला होता. यंत्राने तेवढा गोळा केला होता.

भरमू जन्मभर माग दुरुस्त करणारा जॉबर, यंत्रात बिघाड कुठे आहे हे त्याला सांगावं लागत नसे.

"माझी वायर कुणी काढलती, दिगा?"

"मी."

"मग मला ठिवलास कशाला?"

"टेम्पो तुझा होता." दिगंबरने चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. "पुढं तू टेम्पो विकलास. तरी तू मागं उभा नसलास की मला गाता येईना, भरम्या. काय करू?"

भरमूने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. दिगंबरला वाटलं, आता हा उठून जाईल. त्याला तेच सदतीस वर्षं वाटत आलं होतं.

"अजून एक धागा सुटलाय," मिनाज म्हणाली. "लोकांच्या ठेका धरणाऱ्या पायांचा. पण काका, हे पाय तुमच्या ड्रमशी जुळत न्हाईत. अर्धं पाऊल पुढं आहेत."

तिने पायांवर भरमूचा बास ठेवला. दोन्ही रेषा एकमेकींत अशा बसल्या, की पडद्यावर एकच दिसू लागली. तिने दुसरा कार्यक्रम काढला, मग दहावा, मग शेवटचा. तेच. त्या लोकांनी भरमूला कधी ऐकलंच नव्हतं.

भरमूने शेडमधल्या फरशीकडे पाहिलं. मागांचे पाय जिथे रोवले होते, तिथे अजून बोल्टांची भोकं होती.

"माग," तो हळूच म्हणाला. "बारा-बारा तास ह्यांच्या ठेक्यात उभारलेली माणसं ती. मी पण."

यंत्राने तेवढ्यात पडद्यावर विचारलं : मुख्य ताल कोणाचा धरायचा? भरमूला बँडच्या मापात बसवायचं, की सगळा बँड भरमूच्या मापात? दोन्हीला चारच मिनिटं लागणार होती. फक्त, तसा कार्यक्रम कुठे झालाच नव्हता.

दिगंबरने मिनाजकडे पाहिलं, मिनाजने भरमूकडे. इतकी वर्षं बेताल नक्की कोण होतं?

भरमूने खुर्ची यंत्राजवळ ओढली.

"ते ठरवू निवांत," तो म्हणाला. "मिनाज, तेवढा पंखा बंद कर गं. पाय नीट ऐकू येईनात."