परतीचं ॲव्हरेज

जाताना गाडी लिटरला अठरा किलोमीटर द्यायची आणि येताना तेरा. रस्ता तोच, गाडी तीच, चालवणारा तोच आणि शेजारी बसणारी बायकोही तीच. शिवाय परतीच्या रस्त्याला थोडा उतार होता, म्हणजे येताना खरं तर एकोणीस मिळायला हवे होते.

दुसऱ्या एखाद्यानं हे केव्हाच सोडून दिलं असतं. पण हा गृहस्थ वजनमापे खात्यात तेहेतीस वर्षं निरीक्षक होता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी दुकानात शिरला की आधी काट्यावरच्या शिक्क्याची तारीख बघायचा आणि मग काय घ्यायचं ते बोलायचा. "तुमच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे धाड घालायला निघाल्यासारखं वाटतं," असं बायको म्हणायची. वजन कधी खोटं बोलत नाही, माणूस काट्याला खोटं बोलायला लावतो, एवढं एकच तत्त्वज्ञान त्याच्यापाशी होतं आणि त्यावर त्याचं आयुष्य नीट चाललं होतं.

बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. रुग्णालय बहात्तर किलोमीटरवर, आणि मधल्या रस्त्यावर एकही पेट्रोल पंप नाही. सुरुवातीला त्यानं अठराचा आकडा धरून पेट्रोल भरलं आणि एका दुपारी परत येताना गाडी उजाड माळावर बंद पडली. डायलिसिस होऊन आलेली, उभं राहायचंही त्राण नसलेली बायको दोन तास तापलेल्या गाडीत बसून राहिली.  त्याला स्वतःची इतकी चीड आली की त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून तो दोन्ही टोकांना टाकी काठोकाठ भरू लागला. नळी टक करून थांबली की पुढे एक थेंब नाही, लगेच वहीत आकडा. पेट्रोल संपायची भीती गेली, पण मनातली भीती गेली नाही. विनाकारण पेट्रोल पिणारी गाडी कधीतरी विनाकारण बंदही पडेल, आणि तेव्हा ती शेजारी असेल, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

गाडीची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीनं एकेक करत सगळं पाहिलं. चाकांत हवा कमी आहे का, एअर फिल्टर चोंदलाय का, प्लग काळे पडलेत का, ब्रेक चिकटून चाक जड फिरतंय का. डिकी रिकामी करून झाली. एसी बंद ठेवून पाहिला, ताशी साठच्या वर काटा जाऊ न देता पाहिलं. वारा समोरून असेल म्हणावं, तर वारा काही रोज त्यांच्या वेळापत्रकानं दिशा बदलणार नव्हता. जाताना अठरा, येताना तेरा. निरीक्षकाच्या नाकी नऊ आले.

शेवटी मिस्त्रीनंच हात टेकले. "साहेब, गाडीत काही नाही. गाडीवर लोड येतोय. येताना मागं कोणाला घेता का?"

"आम्ही दोघंच असतो."

"मग मलाही कळत नाही. आणि एक माणूस जास्त बसला म्हणून काही पाच किलोमीटर कमी होत नाहीत. हे म्हणजे गाडीला कोणी मागं ओढतंय असं झालं."

त्या उत्तरानं त्याचं डोकं आणखीच फिरलं. पण 'लोड' हा शब्द त्याच्या खात्याचा होता, तो मनात रुतून बसला. मग एकेक गोष्ट दिसू लागली. घराच्या वळणावरच्या गतिरोधकावरून गाडी सकाळी अलगद जायची, दुपारी मात्र मागचा भाग खर्रकन घासायचा. एकदा घरी पोचल्यावर त्यानं मागचं दार उघडलं, तर डाव्या बाजूला सीटचं कव्हर दबलेलं होतं. त्यानं हात ठेवला. जागा गरम लागली. ऊन उजव्या बाजूनं येत होतं.

बायकोला सांगितलं तर ती हसली. "बसत असेल कोणीतरी. त्या खोलीतून दमून बाहेर पडलेलं."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा कुठं करतेय? डायलिसिस झालं की मलाच दोन माणसांचा थकवा आल्यासारखं वाटतं. आणि आपल्याबरोबर नीट घरी पोचतंय ना? मग येऊ दे की."

"फुकट बसून येतंय आणि गाडीचा जीव काढतंय," तो चिडून म्हणाला. "उद्या गाडी बंद पडली तर हाल तुझे होणार आहेत."



रुग्णालयाच्या गावाबाहेर, तिथल्या पंपापासून हाकेच्या अंतरावर, खडीच्या क्रशरच्या फाटकाशी, ट्रक तोलायचा वजनकाटा होता. दरवर्षी त्याच्यावर शिक्का मारायला हाच जायचा. तिथला काटेवाला अजूनही त्याला बघून उठून उभा राहायचा. पुढच्या फेरीला सकाळी जाताना त्यानं गाडी काट्यावर घातली. नऊशे पंचाण्णव. गाडी आठशे ऐंशी, तो सत्तर, बायको पंचेचाळीस. काटा पाच-पाच किलोच्या टप्प्यानं मोजायचा आणि हिशेब त्या टप्प्यात चोख बसला.

बायकोचं वजन त्याला पाठ होतं, कारण डायलिसिसच्या आधी आणि नंतर पेशंटला तोलतात. अंगात साठलेलं पाणी किती काढायचं ते त्यावरून ठरतं. पहिल्याच दिवशी त्यानं घरून प्रमाणित वजनं नेऊन रुग्णालयाचा काटा तपासला होता. सिस्टर आधी हसल्या होत्या, पण तेव्हापासून बायकोचा आकडा वाचून रजिस्टरमध्ये लिहायचं काम त्यांनी त्यालाच देऊन टाकलं होतं. त्या दिवशी जाताना सेहेचाळीस पूर्णांक आठ, येताना पंचेचाळीस.

दुपारी तीन वाजता गाडी पुन्हा खडीच्या काट्यावर उभी राहिली.

"एक हजार चाळीस," केबिनच्या खिडकीतून काटेवाला म्हणाला.

"परत बघ."

"चाळीसच आहे, साहेब."

त्यानं बायकोला हात धरून उतरवलं, केबिनच्या सावलीत स्टुलावर बसवलं. स्वतःही काट्यावरून खाली आला. रिकाम्या गाडीचे आठशे ऐंशी यायला हवे होते.

"नऊशे पंचवीस."

माळावर वारा नव्हता. क्रशर बंद होतं. गाडीच्या काचा वर होत्या आणि मागच्या सीटवर काहीही नव्हतं.

"साहेब," काटेवाला हळूच म्हणाला, "पंचेचाळीस जास्त येतायत."

"दिसतंय मला."

"अहो, जाऊ या ना," सावलीतून बायको म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "राहू द्या ते. मला भीती वाटतेय."

पण सहा महिन्यांचा वैताग आता आवरत नव्हता. माळावरचे ते दोन तास, मिस्त्रीनं टेकलेले हात, वहीतला तेराचा आकडा. त्यानं मागचं दार सताड उघडलं.

"उतर खाली," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

गाडीची स्प्रिंग बारीकशी कुरकुरली. मागचा भाग दोन बोटं वर आला.

"आठशे ऐंशी," काटेवाला म्हणाला. "आलं बरोबर."

त्यानं दार लावलं. त्याचं मन एकदम मोकळं झालं होतं. बायकोला आणून शेजारी बसवलं, पट्टा लावला आणि गाडी सुरू केली. शेवटचा आकडा पाहिल्याशिवाय काटा सोडायचा नाही, हा त्याचा स्वतःचा नियम. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदाच तो विसरला. काटेवाला हात वर करून केबिनबाहेर धावत आलेला आरशात दिसला. निरोप देतोय असं समजून यानंही हात हलवला.

गाडी छान पळाली. गतिरोधकावर घासली नाही. बायको हात मांडीवर ठेवून बसली होती. घराच्या पायरीवर एक फरशी सुटी होती, पाय पडला की वाजायची. त्याच्या पायाखाली ती वाजली. तिच्या पायाखाली वाजली नाही.

पुढच्या फेरीच्या सकाळी पंपावर टाकी भरून त्यानं आकडेमोड केली. लिटरला साडेवीस. त्याला आनंदानं काहीतरी बोलावंसं वाटलं. मग त्यानं वहीची पानं मागं उलटली. साडेवीस आधी एकदाच आले होते. बायकोला रुग्णालयात दाखल करून तो एकटा घरी परत आला होता, त्या दिवशी.

त्यानं वही मिटली. बायको शेजारी बसली होती, समोर बघत.

त्या दिवशी वाटेत तो काट्यापाशी थांबला नाही.

रुग्णालयात बायको नेहमीसारखी चपला काढून काट्यावर उभी राहिली.

शून्य पूर्णांक शून्य.

सिस्टर वाकून बघू लागल्या. "हा कसा बिघडला?" त्या स्वतः उभ्या राहिल्या. अठ्ठावन्न पूर्णांक चार. तो उभा राहिला. सत्तर पूर्णांक दोन.

"तुम्ही या परत," सिस्टर बायकोला म्हणाल्या.

ती चढली. शून्य पूर्णांक शून्य.

काटा बरोबर होता. त्याच्याइतकं ते कोणालाच कळत नव्हतं.

"किती आलं हो?" तिनं विचारलं. आकडा तिला चष्म्याशिवाय दिसायचा नाही, म्हणून ती दर वेळी असंच विचारायची.

सिस्टर त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यानं रजिस्टर पुढं ओढलं, पेन उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच न तोललेलं वजन ठळक अक्षरात लिहिलं.

"सेहेचाळीस पूर्णांक आठ," तो म्हणाला.

"म्हणजे नेहमीइतकंच," ती म्हणाली आणि जाऊन पलंगावर आडवी झाली. सवयीनं त्यानं तिच्या अंगाखालची चादर सारखी करायला हात पुढे केला. चादरीवर एकही सुरकुती नव्हती.