पाचचा भोंगा

प्रेमात पडायला माणसं काय काय जागा शोधतात. कुणी कॉलेजच्या कट्ट्यावर पडतं, कुणी लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता. प्रमोदिनी पडली ती क्रांती चौकाजवळच्या एका सायकलच्या दुकानात, अर्ध्यावर ओढलेल्या शटरच्या आत, आणि तेही अशा दिवशी की बाहेर चिटपाखरू उरलं नव्हतं.

जानेवारीतली गोष्ट. विद्यापीठाच्या नामांतराचं भिजत घोंगडं इतक्या वर्षांनी निकाली निघायच्या बेतात होतं, आणि म्हणूनच शहर आतल्या आत धुमसत होतं. टायपिंगच्या क्लासहून निघालेल्या प्रमोदिनीला वाटलं होतं, दहा मिनिटांत घर गाठू. चौकात आली तर समोरून माणसं सैरावैरा पळत येत होती. चप्पल तुटली, ओढणी कशात तरी अडकली... आणि कुणीतरी तिचा हात धरून तिला वाकवलं नि शटरखालून आत ओढलं.

“आत या आधी. डोकं फुटायचंय का?”

हा त्रिंबक. सोयगावकडच्या धनगराचा मुलगा, डिप्लोमा करून वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर झालेला. पुढं दगड पडायलेत म्हणून कंपनीच्या बसनं त्याला चौकातच उतरवून दिलं होतं. शर्टाला ऑइलचा डाग, आणि एवढ्या धुमाळीतही चेहऱ्यावर हसू. प्रमोदिनीला त्या हसण्याचा आधी रागच आला. दुकानाच्या म्हाताऱ्या चाचांनी दोघांना दोन स्टुलं दिली, “बैठो बेटी, कर्फ्यू लगा समझो,” म्हणाले, आणि स्टोव्हला पंप मारायला लागले.

 बाहेर काचा फुटल्याचे आवाज येत होते, मग तेही थांबले.

“बोलत का नाय?” त्रिंबकनं विचारलं.

“अनोळखी माणसाशी काय बोलायचं?”

“अनोळखी कसा? हात धरला की मी.”

प्रमोदिनी शटरकडं बघत बसली, पण कान इकडंच होते. चहा आला तसं बोलणं सुरू झालं. वडील अनंतराव कचेरीत हेडक्लार्क होते, ते गेले. घरी आई आणि धाकटा भाऊ केशव, आणि तो भाऊ आत्ता दारात येरझाऱ्या घालत असणार, हे तिनं सांगितलं. त्यानं सांगितलं, त्याची आई बानाबाई अजून मेंढरांमागं माळावर असते आणि पोरगा मशिनीवर काम करतो म्हणजे नक्की काय करतो ते तिला अजून कळलेलं नाही. प्रमोदिनी हसली. मग बोलता बोलता ती सहज म्हणून गेली की एवढं काय आहे त्या नावात, लोक जीव घ्यायला उठलेत... आमच्याकडं सगळे असंच म्हणतात.

त्रिंबकनं कप खाली ठेवला. “लहानपणी याच नावापायी मी एक वस्ती जळताना पाह्यलीय,” तो म्हणाला. “आमी मेंढरं घेऊन माळावर होतो. रात्रभर उजेड होता. तिथल्या माणसांना इचारा, नावात काय असतं ते.”

आवाज चढवला नाही, काही नाही. पण प्रमोदिनीला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. तिच्या घरात असं कुणी बोलत नसे. तिनं त्याच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि मग बघतच राहिली.

पाचच्या सुमाराला चाचा आतल्या खोलीत नमाजला गेले. त्रिंबक काही तरी चाळा म्हणून उलट्या ठेवलेल्या सायकलचं चाक फिरवत बसला होता, तिच्याकडं पाठ करून. तेवढ्यात बाहेर पोलिसांची गाडी आली आणि भोंगा खरखरला. महिला आणि मुलांनी अर्ध्या तासात आपापल्या घरी जावं, पोलीस अडवणार नाहीत.

प्रमोदिनीला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. उठायला हवं होतं. उठून चप्पल हातात घ्यायची आणि निघायचं, एवढंच होतं. पण त्या पाठमोऱ्या माणसाच्या मानेवरचे केस, तो चहाचा गोड वास... अजून थोडा वेळ, फक्त थोडा वेळ, असं तिच्या मनानं घेतलं. आणि भोंगा चालू असतानाच तिनं मोठ्यानं विचारलं,

“अहो, इतक्या मेंढ्यांत आपली मेंढी ओळखता कशी?”

तो वळला नाही. चाक फिरवत फिरवतच सांगत राहिला, की तोंडावरून कळतं, आवाजावरून कळतं, आणि संध्याकाळी हाक घातली की जी आपली असते ती मान वळवते. गाडी लांब गेली. त्याला ऐकूच आलं नाही, असं प्रमोदिनीला वाटलं, आणि तिला बरं वाटलं.

दिवेलागणीनंतर पोलिसांच्या सोबतीनं त्रिंबक तिला घरी पोचवायला आला, तर दारात शेजारणी जमल्या होत्या. ताई अजून का आली नाही म्हणून केशव पाचनंतर तिला शोधायला बाहेर पडला होता. वाटेत कुठून तरी एक दगड आला नि त्याच्या कानशिलावर बसला. कुणाचा, कोणत्या बाजूचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच तो वारला. त्याच आठवड्यात विद्यापीठाला नवं नाव लागलं. शहरात कुठं गुलाल होता, कुठं मुकाट बंद दारं होती, आणि प्रमोदिनीच्या घरी तिची आई यमुनाबाई मुलाच्या शर्टाची घडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

त्रिंबक येत राहिला. आधी दवाखान्याच्या कागदांसाठी, मग रेशनसाठी, मग काही कारण नसताना. यमुनाबाईंना काकू म्हणायचा, त्यांच्या हातचा चहा खाली मान घालून प्यायचा. प्रमोदिनीनं त्याला टाळून पाहिलं. महिनाभर ती त्याच्याशी धड बोलली नाही. पण दु:खातलं माणूस शेवटी कुणाच्या तरी खांद्याकडं बघतंच, आणि तिच्यासमोर तो एकच खांदा होता. पाणचक्कीजवळच्या झाडाखाली त्यानं तिला विचारलं, तेव्हा ती रडत हो म्हणाली.

नातेवाइकांनी जात काढली, ते अपेक्षितच होतं. यमुनाबाईंनी जात काढली नाही.

“ज्या दिवशी माझ्या मुलाला दगड लागला, त्या दिवशी तुला हा भेटला,” त्या म्हणाल्या. “पोरगा चांगला आहे. पण हे माझ्या घशाखाली उतरत नाही. तू जा.”

रजिस्टर लग्न झालं, आणि वर्षभरातच कंपनीनं त्रिंबकला तीन वर्षांसाठी जपानला पाठवलं. बायकोला न्यायची परवानगी होती. जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही, केशवचं नाव कुणाला माहीत नाही, तिथं आपण दोघं सुखानं राहू असं त्रिंबक म्हणाला, आणि प्रमोदिनीला ते खरं वाटलं.

टोकियोपासून तासाभराच्या अंतरावरचं ते उपनगर. सकाळी सगळे पुरुष काळे कोट घालून स्टेशनकडं जायचे आणि मग दिवसभर गल्लीत माणूस दिसायचा नाही. भाजीवाल्याची हाक नाही, कुकरची शिट्टी नाही, कुणी कुणाला गच्चीवरून ओरडून बोलवत नाही. स्वच्छ, नीटनेटकं, आणि शांत. एवढी शांतता तिनं आयुष्यात एकदाच ऐकली होती.

आणि पहिल्याच संध्याकाळी, बरोबर पाच वाजता, कोपऱ्यातल्या खांबावरचा भोंगा खरखरला. तिच्या हातातली पळी पडली. तिनं धावत जाऊन वाळत घातलेले कपडे ओढून घेतले, खिडकीचं लोखंडी झडप खाली खेचलं, दिवा मालवला आणि भिंतीला टेकून बसून राहिली. नऊ वाजता त्रिंबक आला तेव्हा ती तशीच अंधारात होती.

“अगं, काय झालं?”

“कर्फ्यू लागलाय,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्यात विचारलं, लोक हसले. रोज वाजतो तो. एक साधी धून असते, अंधार पडायला आला, खेळणाऱ्या पोरांनी आता घरी जावं, एवढंच त्यात सांगायचं असतं. शेजारच्या आजींनीही तिला दारात बोलावून हातवारे करून समजावलं. धून वाजली तशी गल्लीतली दोन पोरं दप्तरं उडवत घरात पळाली, आणि आजी मायेनं हसल्या. प्रमोदिनी वाकून घरात आली नि न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. पोरांनी घरी जावं. तिचा केशव गेला नव्हता.

तसे ते दिवस अगदीच वाईट नव्हते. कचरा चुकीच्या दिवशी ठेवला म्हणून आजींनी पिशवी परत आणून दिली, तेव्हा त्रिंबक इतका वाकला की डोकं दारावर आपटलं, आणि रात्री ती त्या टेंगळाला तेल लावता लावता हसली. “तुला हसवायला रोज डोकं आपटतो मी,” तो म्हणाला. पण पाच वाजले की झडप खाली यायचं ते यायचंच. तो घरी नसायचा, त्याला वाटायचं आता सवय झाली असेल.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तो घरी होता. ती झडप ओढायला उठली आणि त्यानं मधे हात घातला.

“आज उघडं राहू दे.”

“नको.”

“पोरांना घरी बोलावतात गं. त्यात भ्यायचं काय?”

“तेच तर...” तिचा आवाज फुटला. “त्रिंबक, त्या दिवशी गाडी आली होती. बायकांनी घरी जावं असं सांगत होते. मला ऐकू आलं होतं, स्वच्छ. आणि मी तुला मेंढ्यांचं विचारत बसले.”

बोलून झालं. आता हा हात काढून घेईल, आता हा आपल्याकडं वेगळ्या नजरेनं बघेल, म्हणून ती वाट बघत उभी राहिली. बाहेर भोंगा खरखरला आणि धून सुरू झाली. ती संपली.

“मला बी आलं होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“ऐकू. चाक जोरात फिरवलं ते म्हणूनच. म्हणलं, तुला ऐकू गेलं तर तू उठशील.”

प्रमोदिनीला क्षणभर त्याचा इतका संताप आला की तिनं दोन्ही हातांनी त्याला ढकललं. एवढे दिवस ती एकटी जळत होती, आणि हा शेजारी झोपत होता. बोलला का नाहीस, म्हणून तिनं विचारलं. बोललो असतो तर तू गेली असतीस, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. ती खाली बसली. तोही बसला. काकू चहा द्यायच्या तेव्हा मान वर करवत नसे, हे त्यानं तिला त्या दिवशी सांगितलं. मग दोघं खूप रडले, आवाज न करता, कारण त्या गल्लीत आवाज करायची सोय नव्हती.

“आईला सांगायला हवं,” ती शेवटी म्हणाली. “ती मला पुन्हा कधी दारात उभं करणार नाही.”

“नाय केलं तर दोघांना नाय करणार. चल.”

स्टेशनबाहेर परदेशी लागणारा फोन होता. आईकडं आता फोन बसला होता, नंबर प्रमोदिनीला पाठ होता. लावायचं धाडस मात्र आजवर झालं नव्हतं. त्रिंबकनं कार्ड घातलं, तिनं बटणं दाबली. लांब कुठं तरी दोन-तीन घंट्या झाल्या.

“कोण?” यमुनाबाईंचा आवाज म्हातारा झाला होता.

“आई, मी प्रमू. ठेवू नकोस... आई, त्या दिवशी मला घरी यायला सूट मिळाली होती. मी ऐकूनही आले नाही. मी याच्याशी बोलत बसले होते.”

 कार्डाचे आकडे उतरत होते. आई श्वास घेत होती तेवढं ऐकू येत होतं.

“म्हणजे तू घाबरली नव्हतीस त्या दिवशी?” यमुनाबाई म्हणाल्या. “मला रोज दिसायचं, तू कुठं तरी कोपऱ्यात घाबरून बसली आहेस, आणि तुझ्याजवळ कुणी नाही.”

“नाही आई. नव्हते घाबरले.”

 प्रमोदिनीनं रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

“आणि आता? आता घाबरतेस?”

“रोज,” ती म्हणाली. “संध्याकाळी.”

“दे त्याला.”

माफ केलं, ये, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. प्रमोदिनीनं रिसीव्हर पुढं केला. त्रिंबकनं डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते तो पुसत नव्हता. स्टेशनातून काळ्या कोटांची माणसं बाहेर पडून मुकाट आपापल्या गल्लीला लागत होती.

“व्हय,” तो म्हणाला. “चुकलं माझं बी... व्हय. कारखाना लांब हाय, पण बघतो कायतरी... नाय आई. आता संध्याकाळची एकटी सोडत नाय.”

आजवर तो त्यांना काकू म्हणायचा. कार्ड संपलं, फोन बंद झाला, तरी तो रिसीव्हर कानाला लावून उभा होता, आणि प्रमोदिनीनं त्याचा दुसरा हात धरला होता.