अजून टोचतं

माझं काम पत्रं लिहिण्याचं आहे हे ऐकल्यापासून आमच्या यशोदामावशीची समजूत आहे की मी पोस्टात आहे. मी ती मोडत नाही, कारण खरं काम समजावून सांगणं जास्त अवघड आहे.

सोलापूर जिल्ह्यातले चांगले चालणारे, पण भांडवलावाचून अडलेले धंदे मी हुडकते आणि मुंबईच्या गुंतवणूक कंपन्यांना ईमेलने कळवते. त्यांना असे धंदे हवेच असतात, पण वैराग, अकलूज, माळशिरस पालथं घालायला वेळ नसतो. तो माझ्याकडे आहे. मात्र तिकडच्या साहेबांना अशी पत्रं रोज ढिगाने येतात, आणि ‘आपण कुशल असाल अशी आशा’ असं लिहिलं की पत्र कचऱ्यात गेलंच म्हणून समजा. त्यामुळे माझा एक हट्ट आहे. पहिली ओळ अशी हवी, की ती जगात त्या एकाच माणसाला लिहिता यावी. बाकी पत्र आकड्यांचं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला सिद्धाप्पांचा कारखाना माझ्याकडे आला. चिंचोळी एमआयडीसीत पत्र्याची लांब शेड. अप्पा सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातले. आपल्याकडच्या मेंढरांची लोकर राठ असते, कुणी घेत नाही, म्हणून कातरून झाली की ती ओढ्यात फेकून देतात. अप्पा तीच विकत घेऊन तिचा जाड नमदा बनवतात. सिनेमागृहाच्या भिंतींना आवाज अडवायला लावतात, तो. शेडच्या कोपऱ्यात त्यांची बायको मायाक्का घोंगड्यांना काठ शिवत बसलेली असते. कारखान्याच्या हिशेबात ती घोंगडी कुठेच बसत नाहीत, पण हे अक्काला सांगायची कुणाची छाती नाही.

पुण्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाला दुप्पट माल हवा होता. त्यासाठी लोकर पिंजायचं दुसरं यंत्र लागणार होतं. पावसाळ्याआधी ते बसलं नाही तर गिऱ्हाईक तुटणार, आणि ते तुटलं की शेडला कुलूप. मोहोळकडून टमटमने कामाला येणाऱ्या साऱ्या बायका घरी बसल्या असत्या. यंत्राच्या इसारापुरते पैसे उभे करायला घरची मेंढरं विकावीत, असं मी एकदा सुचवलं.

“मेंढरं न्हाय इकनार,” अप्पा म्हणाले. “वाडवडलांची हायती. कुनी शबूद दिला तर बगू.”

तो शब्द मिळवून देणं माझं काम होतं.

मुंबईतल्या एका कंपनीचे थोरले भागीदार मुकुंद मोहोळकर यांची जुनी मुलाखत मला सापडली. वडील शिक्षक, लहानपण वैरागला गेलेलं, आणि थंडीत चौघा भावंडांत मिळून एक घोंगडं. एवढंच वाक्य होतं, पण मला तेवढं पुरे झालं. मी लिहिलं, ‘वैरागच्या घरातलं ते घोंगडं टोचायचं का हो?’

मंगळवारी दुपारी उत्तर आलं. ‘अजून टोचतं. येतो.’

मला फार आनंद झाला. अप्पांना फोन केला, तर त्यांनी शेड धुऊन घ्यायला काढली. धुतलेली शेड कोरडी व्हायच्या आत पुन्हा तुसांनी भरली, ते सोडा. त्या कारखान्यात लोकरीची तुसं हवेतच तरंगत असतात. पाच मिनिटं आत उभं राहा, केस, भुवया, कपडे, सगळं पांढरं. मी तिथे काळा कुडता घालत नाही.

ते गुरुवारी आले, कळवल्याशिवाय, भर दुपारी. मी नेमकी फोटो काढायला गेले होते. सत्तरीचे गृहस्थ, गडद निळा कोट, दाढी नुकतीच केलेली. मुलाखतीतल्या फोटोवरून मी लगेच ओळखलं. गाडी फाटकाबाहेर लावली असेल असं मी धरलं. बेचाळीस अंशांच्या उन्हातून चालत आलेल्या माणसाच्या कपाळावर घाम नव्हता. गाडीतला एसी, असंही मी धरलं. मला असं धरून चालायची सवय आहे.

त्यांनी कमी आणि नेमकं विचारलं. लोकर कुठली, धुवायला पाणी किती लागतं, बायकांना खोकला होतो का. पिंजण यंत्रापाशी ते बराच वेळ उभे राहिले. तिथे तुसांचा नुसता धुरळा उडत होता. अप्पांच्या मिश्या पांढऱ्या झाल्या होत्या, माझ्या चष्म्यावर थर बसला होता. साहेबांच्या निळ्या कोटावर काही नव्हतं. कापड भारीतलं असणार, माझ्या मनात आलं.

“यंत्र आणा,” ते अप्पांना म्हणाले.

“शबूद समजू का साहेब?”

“समजा.”

मायाक्काने पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. थंडी वाजते म्हणाले. अप्पा हसले, त्यांना थट्टा वाटली. अक्का हसली नाही. तिने लाल दोऱ्याने नुकतंच काठ शिवून ठेवलेलं काळं घोंगडं उचललं आणि त्यांच्या खांद्यावर टाकलं.

“नवं हाय,” ती म्हणाली. “टोचंल. वापरून वापरून मऊ पडतंय मग.”

“आता नाही टोचत,” ते म्हणाले.

मग दाराशी जाऊन वळले. “जातो.”

अप्पांचा चेहरा पडला. आपल्यात निघताना असं कुणी म्हणत नाही. “येतो म्हना की साहेब.”

“ते म्हणून झालंय,” ते म्हणाले, आणि घोंगडं पांघरूनच उन्हात गेले.

अप्पांनी दुसऱ्या दिवशी मेंढरं विकली आणि यंत्राचा इसार दिला. मेंढरं टेंपोत चढवताना त्यांनी मला फोन लावला. फोनवर नुसता मेंढरांचा आवाज येत होता. मला रडू आलं.

सोमवारी मी मोहोळकरांना आभाराचं पत्र पाठवलं, अक्काचं घोंगडं उपयोगी पडतंय ना, असंही विचारलं. तासाभरात फोन आला. बोलणारा नंदीश, त्यांचा कंपनीतला सहकारी.

“मॅडम, तुमचं पत्र आत्ता पाहिलं. सर गेले.”

“अरेरे. कधी?”

“मंगळवारी संध्याकाळी. महिनाभर हॉस्पिटलातच होते.”

मी म्हटलं, मागच्या मंगळवारी असं कसं होईल, गुरुवारी तर ते इथे होते. तो सावकाश म्हणाला, “तुमची पहिली ओळ मीच वाचून दाखवली त्यांना. खूप हसले. उत्तर मी टाइप केलं. शेवटचा शब्द ‘येतो’. मला वाटलं, ते आमचा निरोप घेतायत. पण म्हणाले, तोही पाठव.”

मी आधी माझा फोन तपासला. फोटो होते. यंत्र, अप्पा, आणि अप्पांच्या शेजारची रिकामी जागा, जिच्याकडे पाहून अप्पा बोलत होते.

अप्पांना काय सांगायचं? ज्या शब्दावर त्यांनी मेंढरं विकली, तो कुणाचा होता? मी दोन दिवस चिंचोळीला फिरकले नाही. मग नंदीशचाच पुन्हा फोन आला.

“एक विचारू? घोंगडं काळं होतं का?”

“हो.”

“लाल काठ?”

मी हो म्हटलं. तो म्हणाला, “मी येतोय तिकडे.”

नंदीश तिशीतला, काटेकोर पोरगा. दिवसभर वह्या, वजनं, लोकरीचे नमुने तपासत बसला. संध्याकाळी म्हणाला, आकडे चांगले आहेत, कंपनी हिस्सा घेईल, यंत्राचे पैसे पुढच्या आठवड्यात येतील. “सरांसाठी म्हणून नाही,” असं त्याने दोनदा सांगितलं. अप्पा एका पोत्यावर बसले आणि पंच्याने तोंड पुसत राहिले. साहेब गेल्याचं मी त्यांना सकाळीच सांगितलं होतं. कधी गेले, ते सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही.

मग नंदीशने पिशवीतून घोंगडं काढलं.

“सरांच्या केबिनला ते गेल्यापासून कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे. हे त्यांच्या खुर्चीवर होतं.”

त्याने ते मायाक्काच्या हातात दिलं आणि निघाला. त्याच्या शर्टावर, केसांत, कानांवरही तुसं होती. दारात थांबून म्हणाला, “येतो.” अक्काने त्याच्या खांद्यावरचं एक तूस चिमटीत धरून पाहिलं, आणि मगच म्हणाली, “या.”

तो गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं. घोंगडं मांडीवर पसरलं. काठाचा लाल दोरा अगदी कोरा होता, तिचाच टाका. मधल्या भागावर तिने माझा हात ठेवला.

ते कुठेच टोचलं नाही. धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्याइतकं ते मऊ झालं होतं.

“एवढं मऊ पडाया,” मायाक्का म्हणाली, “जलम जातो, ताई.”