फोनचं बिऱ्हाड

सकाळी दहा : १०० टक्के

कोडं असं होतं.

फोन तोच. बॅटरी तीच. वापरणारे हातही तेच तिघांचे. दहा दिवसांपूर्वी हाच फोन एकदा भरला की दोन दिवस आरामात ओढायचा. आता सकाळी दहाला काठोकाठ भरलेला फोन दुपारी दोनला मान टाकत होता. मधल्या काळात तो पडला नव्हता, भिजला नव्हता, मेंढीच्या पायाखालीही आला नव्हता. एकच गोष्ट घडली होती. एका सकाळी पडद्यावर विचारणा आली होती : नवी आवृत्ती (फोनचा कारभार चालवणाऱ्या सूचनांचा सुधारलेला संच) घ्यायची का? आणि म्हाळसाने ‘हो’ दाबलं होतं.

बारा वर्षांच्या म्हाळसा कोकरेला तेव्हापासून तो ‘हो’ परत घ्यायचा होता. पण दाबलेलं बोट मागे घेता येत नाही.

कोकऱ्यांचं कुटुंब मेंढपाळांचं. दिवाळी झाली की माणदेशातून निघायचं आणि पावसाळ्यापर्यंत रानोमाळ हिंडायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, यांचं घोड्यावर. त्या घोड्याच्या ओझ्यावर एक गुंडाळता येणारा सौरपट (उन्हापासून वीज करणारं कापड) पसरलेला असे. गोष्ट आपल्या काळाच्या थोडी पुढची आहे, त्यामुळे असे पट रानोरानी दिसत. पट जुना होता. सकाळी दहापर्यंत आणि दुपारी दोननंतर तो फोनला मिळे. मधलं कडक ऊन दिव्यांना आणि दुधाच्या गार पेटीला लागे.

म्हाळसाची शाळा त्या फोनमध्ये होती. रोज दुपारी चारला तांबोळी बाई पडद्यावर येत आणि राज्यभर विखुरलेल्या एकतीस मुलांची हजेरी घेत. दोनला मेलेला फोन चारपर्यंत जेमतेम डोळे उघडी, आणि दोन दिवसांतून एकदा तरी वर्ग सुरू होऊन दहा मिनिटं होत नाहीत तोच पुन्हा मिटून घेई. अर्धवट सुटलेला वर्ग गैरहजेरीतच धरत. महिन्यात पाच गैरहजेऱ्या चालत. सहावी झाली की मुलीला तालुक्याच्या वसतिगृहात ठेवायचं, असा नियम होता. नियम वाईट मनाने केलेला नव्हता. मुलीची शाळा सुटू नये, एवढाच त्याचा हेतू होता.

म्हाळसाच्या चार झाल्या होत्या.

तिच्या वडिलांनी, धुळाआप्पांनी, वसतिगृह पाहून ठेवलं होतं. चांगलं आहे, लोखंडी खाट आहे, नळाला पाणी आहे, असं ते सांगत. सांगताना मात्र ते लेकीकडे न बघता कुत्र्याकडे बघत. आई तेव्हा चुलीतली लाकडं सारत बसे. कोकरांना नाव ठेवायचं काम म्हाळसाचं होतं, आणि यंदाच्या सात कोकरांची नावं अजून ठरायची होती.

सकाळी दहा वाजून दहा मिनिटं : ९५ टक्के

रविवार होता, शाळेला सुट्टी. माळावर टिटवी आली होती.

टिटवी म्हणजे पक्षी नव्हे. शेळीएवढं, सहा पायांचं ते बोलणारं यंत्र होतं. गवताच्या अभ्यासासाठी कुणीतरी माळावर सोडलेलं. चार पावलं चालायची, वाकायची, गवताची पाती मोजायची, पुन्हा चार पावलं. तिच्या या चालीवरून मेंढपाळांनीच तिला हे नाव दिलं होतं. कुत्रं भुंकायला लागलं की ती थांबे, त्याचं पुरतं भुंकून होऊ देई आणि मग पुढे जाई. म्हाळसाला तिचा हा स्वभाव आवडायचा.

म्हाळसाने फोन तिच्यापुढे धरला आणि सगळं सांगितलं. एवढी शहाणी आहेस तर हा दुरुस्त करून दे, असंही म्हणाली.

“मला माहीत नाही काय झालंय,” टिटवी म्हणाली.

“मग तुझा उपयोग काय?”

“माहीत नसलं की विचारता येतं. आपण दोघी विचारू.”

पहिला प्रश्न टिटवीने विचारला. फोन रिकामा झाल्यावर पुन्हा भरायला पूर्वीइतकंच ऊन लागतं का? म्हाळसाने आठवून सांगितलं, तेवढंच. कमी नाही, जास्त नाही.

म्हणजे बॅटरी म्हातारी झालेली नव्हती. टिटवीने ते असं समजावलं : बॅटरी म्हणजे घागर. जुन्या बॅटरीत वीज साठवायची जागाच कमी होते, म्हणजे घागरच लहान होते. लहान घागर लवकर रिकामी होते खरी, पण ती भरतेही लवकर. तुमची घागर पूर्वीएवढीच आहे. मग पाणी लवकर संपतंय, याचा अर्थ कुणीतरी जास्त पितंय.

“कुणी?” म्हाळसा म्हणाली. “आम्ही तर हातसुद्धा लावत नाही. कुणाचा फोन येईल म्हणून चालू ठेवतो, पण दर पाव तासाला एकदा बंद करतो, आत काही जळत असलं तर विझावं म्हणून. चार्जिंगला लावतानाही बंदच. आप्पांचा हुकूम आहे.”

हा हुकूम फोनपुरता नव्हता. त्यांच्या तळावर काहीही विनाकारण जळत नसे. भाकरी झाल्या की चुलीतली लाकडं ओढून विझवायची. जेवणं झाली की दिवा बंद. काम झालं की विझव, हे आप्पा दिवसातून दहादा म्हणत. नव्या आवृत्तीनंतर फोन लवकर उतरायला लागला, तेव्हा त्यांनी तोच नियम फोनला लावला.

टिटवी चार पावलं चालली, दोन पाती मोजून परत आली. मग तिने दुसरा प्रश्न विचारला. चालू केल्यावर फोन गरम होतो का?

होतो, म्हाळसा म्हणाली, पडदा काळा असला तरी. चालू केला की पहिल्यांदा तर भाकरीसारखा.

वीज खर्च होते तिथे ऊब येते. पडदा काळा असूनही फोन गरम, म्हणजे त्याचा प्रोसेसर (फोनमधला हिशेब आणि विचार करणारा भाग) आत राबतोय. कुणी न सांगता. कशासाठी?

“ते मोजल्याशिवाय कळणार नाही,” टिटवी म्हणाली. आणि दोघी मोजायला बसल्या.

एका सपाट दगडावर, कोळशाने

दहा ते अकरा. दर पंधरा मिनिटांनी बंद, पुन्हा चालू. उतरला २९.

अकरा ते बारा. चालू ठेवला. हात नाही लावला. उतरला २४.

बारा ते एक. चालू. हात नाही. उतरला १७.

*(आई मधेच येऊन विचारून गेली की दगडाला काय शिकवतेस.)*

दुपारी एक : ३० टक्के

वाचणाऱ्यांनो, इथे क्षणभर थांबा. म्हाळसासमोर होते तेवढेच आकडे तुमच्यासमोरही आहेत. तीन तास, तीन उतार. शेवटच्या दोन तासांत फोनला कुणी शिवलंही नव्हतं, तरी दोन्ही तास सारखे नाहीत. का?

म्हाळसा दगडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “जे काय चाललंय ते संपत येतंय. चालू ठेवला तर कमी कमी होतंय. बंद केला की परत वाढतंय.”

टिटवीने तिसरा प्रश्न विचारला, आणि तो फोनबद्दल नव्हताच. नव्या तळावर पोचल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय करता?

हे काय विचारणं झालं? म्हाळसाने भराभर सांगितलं. घोड्यावरचं ओझं उतरायचं. कोकरं मोजून टोपलीखाली ठेवायची. तीन दगड शोधून चूल मांडायची. पाणी कुठं आहे ते बघायचं. मेंढरांसाठी जाळी लावायची. पीठ, मीठ, औषधं हाताशी येतील अशी ठेवायची. पहिल्या दिवशी दमून जीव जातो. दुसऱ्या दिवशी काही नाही, सगळं जागच्या जागी असतं.

“आणि निम्मं सामान लावून झाल्यावर कुणी म्हणालं, उठा, बांधा, तर?”

“तर सगळं परत बांधायचं. आणि पुढच्या तळावर परत पहिल्यापासून…”

ती बोलता बोलता थांबली. हातातल्या गरम फोनकडे बघितलं.

“टिटवे, हा नव्या तळावर आलाय.”

नवी आवृत्ती म्हणजे फोनने केलेलं स्थलांतर. जागा नवी, सामान जुनं. प्रत्येक ॲप नव्या घडीला जुळवून घ्यावं लागतं. हजारो फोटो, धडे, नंबर पुन्हा तपासून त्यांची अनुक्रमणिका (कोणती वस्तू कुठे ठेवली आहे याची यादी) नव्याने करावी लागते. हे काम फोन मागच्या मागे, पडदा काळा असताना करतो. मालक वापरायला लागला की ते बाजूला ठेवतो. बहुतेक घरांत फोन रात्रभर चालू असतो, चार्जिंगला असतो. दोन-तीन दिवसांत सामान लागतं, कुणाला पत्ताही लागत नाही. पण इथे दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन म्हणत होतं, उठा, बांधा. काही फोन राहिलेल्या कामापासून पुढे सुरू करतात. यांचा फोन साधा होता. तो दर वेळी पहिल्यापासून सुरू करत होता. दहा दिवस झाले, बिचाऱ्याची चूल मांडून होत नव्हती.

वीज वाचवायला म्हणून जे केलं, त्यानेच वीज जात होती.

उपाय सोपा होता आणि अवघडही. एक पूर्ण दिवस फोन चालू ठेवायचा, चार्जिंगला लावून, सावलीत, पडदा काळा. कुणीही हात लावायचा नाही. आणि वीज फक्त उन्हात मिळते, म्हणजे दिवसच द्यावा लागणार. दिवे नाहीत, गार पेटी नाही. चारचा वर्गही नाही.

पाचवी गैरहजेरी.

“नक्की होईल ना?” म्हाळसाने विचारलं.

“मला खात्री नाही,” टिटवी म्हणाली. “अंदाज आहे. अंदाज तपासता येतो, एवढंच चांगलं असतं त्यात. चुकला तर दुसरा संशयित शोधू. कोणतं ॲप किती वीज खातं त्याची यादी फोन स्वतःच ठेवतो.”

“तुझा अंदाज चुकला तर मी वसतिगृहात जाणार.”

“हो,” टिटवी म्हणाली. तिने ते गोड करून सांगितलं नाही.

सोमवार : आकडा बघायचा नाही

सोमवारी तळ हलायचा होता. अशा दिवशी आप्पा मेंढरं घेऊन एका वाटेने जात, आई बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या. संध्याकाळी कुठे भेटायचं ते दोघं वाटेत फोनवर ठरवत. आप्पांकडे एक जुना बटणांचा फोन होता, पण एका हाताने टाळी कशी वाजणार? आप्पा म्हणाले, हे काही जमायचं नाही. कुणाच्या रानात मेंढरं बसवायची ते ऐनवेळी बदलतं. चुकामूक झाली तर?

म्हाळसाने दगडावरचे आकडे दाखवले. बिऱ्हाडाचं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं, पण ते उठले ते कपाळाला आठी घालूनच.

तेव्हा आई बोलली. “तुमचा बाप काय फोन घेऊन हिंडत व्हता व्हय? आमची सासू वाट फुटंल तिथं लिंबाचा डहाळा दगडाखाली ठिवायची. मीबी ठिवीन. एक दीस पोरीसाठी डोळं उघडं ठिवून चाला.”

आप्पांनी कुत्र्याकडे बघितलं. मग लेकीकडे बघितलं. “ठिव,” म्हणाले.

फोन घोड्याच्या पाठीवर पटाखालच्या सावलीत बसला. वारा लागेल असा, घोंगडीत न गुंडाळता. दोन कोस गेल्यावर आईने सवयीने हात घालून बघितला. फोन कढत होता. “अगं, जळतंय की हे,” म्हणत तिचं बोट बटणाकडे गेलं. म्हाळसाने धावत जाऊन तिचा हात धरला. मायलेकी तशाच थोडं अंतर चालल्या, हात हातात धरून. मग आईने हात काढून घेतला आणि घोड्याला पुढे हाकलं.

चार वाजले ते म्हाळसाला सावलीवरून कळलं. तांबोळी बाई आता तिचं नाव घेत असतील. तिने चालता चालताच, कुणाला ऐकू जाणार नाही असं, ‘हजर’ म्हणून टाकलं.

आप्पा तळावर पोचले तेव्हा चूल पेटून भाकरी झालेल्या होत्या. दुसऱ्या फाट्यावरचा डहाळा कुणाच्या तरी शेळीने खाल्ला होता. घोड्याची ताजी लीद दिसली म्हणून वाट सापडली. “तुझ्या सासूच्या काळात शेळ्या उपाशी नव्हत्या,” एवढंच ते आईला म्हणाले.

म्हाळसाने फोनला हात लावला. तो गार होता.

मंगळवार, दुपारी चार : ८१ टक्के

“कोकरे म्हाळसा धुळा.”

“हजर.”

बाईंनी मान वर केली. तिच्या मागे आप्पा उभे होते, आणि त्यांना अचानक मेंढीच्या खुरात काहीतरी बघायचं होतं.

हजेरी पुढे गेली. एकतीस नावांमधली अकरा नावं रिकामी गेली. बाईंचा आवाज दर नावाला थोडा खाली जात होता. शेवटी आलं ऊसतोडीच्या फडावरच्या दुर्पती मिसाळचं नाव. ती होती, पण चित्र अडखळत होतं. ती घाईघाईने म्हणाली, बाई, नऊ टक्के राहिलेत, वाचवायला बंद करते.

म्हाळसाच्या एव्हाना लक्षात आलं होतं. ऊसतोड, वीटभट्टी, मेंढरं. अकराही मुलं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या घरांतली. वीज जपून वापरणाऱ्या घरांतली. ज्यांनी सगळ्यात जास्त काटकसर केली, त्यांचीच शाळा सगळ्यात आधी सुटत होती.

“बंद नको करू,” ती म्हणाली. “बाई, मी बोलू?”

बाईंनी मान हलवली.

“दुर्पती, तू नव्या फडावर गेलीस की पहिल्या दिवशी कोपी उभी करायला किती वेळ लागतो?”

दुर्पती गोंधळली. म्हणाली, ती पाचटाची झोपडी बांधायला आख्खा दिवस जातो. म्हाळसाने विचारलं, आणि निम्मी कोपी झाल्यावर मुकादम म्हणाला, मोडा, तर? दुर्पतीच्या कपाळावर आठी आली. नऊचे आठ झाले, आठचे सात. म्हाळसा सांगत राहिली : एक पूर्ण दिवस, चार्जिंगला लावून, सावलीत, हात न लावता. पडदा काळा होण्याआधी दुर्पती एवढंच म्हणाली, “म्हणजे आमच्याच हातून…”

मग काळं.

बाईंनी तो दिवस शिकवण्यात घालवला नाही. त्यांनी अकरा घरांना निरोप धाडले, आणि एक पत्र फोनची आवृत्ती बनवणाऱ्या लोकांना लिहिलं. पुढच्या वेळी फोनने आपण होऊन सांगावं, अशी सूचना केली. काय सांगावं, हे त्यांनी म्हाळसालाच विचारलं. तिने दोन वाक्यं दिली : *सामान लावतोय. बंद करू नका.* त्या लोकांचं उत्तर आलं की ते विचार करतील. मोठी माणसं कधी कधी खरंच करतात.

पुढच्या सोमवारी हजेरीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. एकतीस नावं, आणि एकतीसदा ‘हजर’. त्यात कुणाकडे कोंबडं आरवत होतं, कुणाच्या मागे भट्टीचा धूर होता. गणित सुरू व्हायला साडेचार वाजले, आणि त्याबद्दल कुणीही तक्रार केली नाही.